तीन स्वर, सहा वाटा : उस्ताद अमीर खाँ यांचा रियाझ



संध्याकाळी आपल्या तुकोगंजातून एक चक्कर मारली, की पाठीवर गिटारची काळी पिशवी अडकवून क्लासला निघालेली दोन-चार मुले हमखास दिसतात. पूर्वी ज्या घरांत पेटी-तबला असे, तिथे आता गिटार आली आहे. आम्हाला याचा आनंदच वाटतो. मात्र पालक भेटले की एक तक्रार ठरलेली असते. महिना झाला तरी घरात त्याच तीन-चार कॉर्ड्स वाजताहेत, गाणे काही ऐकू येत नाही! मुलांची तक्रार वेगळी. बोटे दुखतात, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना हात अडखळतो आणि ठेका निसटतो. मग पुष्कळ मुले कंटाळून गिटार कपाटावर ठेवून देतात. अशा सर्वांसाठी या अंकात आम्ही आपल्याच गावच्या एका थोर गवयाची ओळख करून देत आहोत. त्यांनी गिटार वाजवली नाही; पण मोजके स्वर घेऊन ते पुन्हा पुन्हा कसे घोटावेत, हे त्यांच्याइतके फार थोड्यांना कळले. ते म्हणजे उस्ताद अमीर खाँ.

अमीर खाँ यांचा जन्म 15 ऑगस्ट 1912 चा. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी व बीन वाजवीत आणि होळकरांच्या दरबारी नोकरीस होते. त्यामुळे अमीर खाँ यांचे बालपण इंदुरात गेले. ते नऊ वर्षांचे असतानाच आई वारली. धाकटा भाऊ बशीर आणि अमीर या दोघांना वडिलांनी वाढवले. इंदूर दरबारात संगीताला मोठा मान असल्यामुळे निरनिराळ्या घराण्यांचे कलावंत गावात येत आणि शाहमीर खाँच्या घरीही त्यांची ऊठबस असे. त्यामुळे लहानपणीच अमीरच्या कानावर तऱ्हेतऱ्हेचे गाणे पडले.

वडिलांनी आधी त्यांना सारंगी शिकवली. पुढे मुलाचा ओढा गाण्याकडे आहे हे पाहून गळ्याची तालीम सुरू केली. त्या काळी सारंगियाला गवयाच्या बरोबरीचा मान मिळत नसे. एक आठवण सांगितली जाते. लहानग्या अमीरने एका मोठ्या उस्तादांची स्वरांच्या पलट्यांची वही कुतूहलाने उघडली, तेव्हा ही विद्या सारंगियाच्या मुलासाठी नाही अशा अर्थाचे बोलून ती त्याच्या हातातून काढून घेण्यात आली. बापाच्या मनाला ते लागले. ज्या विद्येवरून मुलाचा अपमान झाला, तीच त्याला शिकवायची असा त्यांनी निश्चय केला, असे म्हणतात.

ती विद्या म्हणजे मेरुखंड. नाव भारदस्त असले तरी गोष्ट गणिताच्या तासाला समजेल इतकी सोपी आहे. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या ‘संगीत रत्नाकर’ या ग्रंथातही हा विचार आलेला आहे. सा, रे, ग हे तीन स्वर घ्या. एकही स्वर दोनदा न घेता ते किती क्रमांनी म्हणता येतील? सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. झाले सहा. चौथा स्वर मिळवला की चोवीस होतात, पाच स्वरांचे एकशे वीस, सहांचे सातशे वीस आणि सातही स्वर घेतले तर 5040! एका क्रमाला पाच सेकंद धरले, तरी सर्व एकदा म्हणायला सात तास लागतील. विद्यार्थी मित्रांनो, गुणाकार करून पाहा.

अमीर खाँ यांनी हे क्रम वर्षानुवर्षे घोटले. वही पाठ करणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग पुढचा, कारण राग सगळेच क्रम चालवून घेत नाही. उदाहरणार्थ, मारवा रागात पंचम वर्ज्य आहे आणि षड्जही जपून लावावा लागतो. तेव्हा शेकडो क्रमांतून रागाला शोभतील तेवढेच निवडायचे, तेही गाता गाता, आणि ऐकणाऱ्याला हिशेबाचा वासही येऊ द्यायचा नाही. इतका रियाझ झाल्यावरच गवई मोकळेपणाने गाऊ शकतो.

पण रियाझ केला म्हणजे लगेच टाळ्या मिळतात असे नाही. 1934 साली अमीर खाँ मुंबईस गेले. तिथे काही कार्यक्रम झाले, ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पण फारसे नाव झाले नाही. 1936 साली वडिलांच्या सल्ल्याने ते रायगढच्या महाराज चक्रधरसिंह यांच्या पदरी राहिले. हे रायगढ आजच्या छत्तीसगडमधले, शिवरायांचे नव्हे. महाराजांच्या वतीने ते मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गायला बसले. समोर मोठमोठे कलावंत होते. थोड्याच वेळात श्रोत्यांनी गलका केला आणि त्यांना गाणे आवरावे लागले. श्रोत्यांना खूष करण्यासाठी ठुमरी गाण्याची सूचना झाली. परंतु आपल्या मनाचा कल ठुमरीकडे नाही असे सांगून त्यांनी ती नाकारली. पुढच्याच वर्षी, 1937 साली, वडील वारले. पहिले गुरू गेले, पदरी अपयश होते आणि वय होते अवघे पंचवीस.

इथे दुसरा कोणी गाणे सोडून बसला असता, किंवा लोकांना आवडेल ते गाऊ लागला असता. अमीर खाँ पुन्हा रियाझाकडे वळले. किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांची संथ आलापी, शेजारच्या देवासचे रजब अली खाँ यांची तानबाजी आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांची मेरुखंडाची सरगम, या तिन्हींतून त्यांनी आपली स्वतंत्र गायकी घडवली आणि तिला इंदूर घराण्याचे नाव दिले. चौदा मात्रांचा झुमरा ताल ते इतक्या संथ लयीत गात, की घाईच्या माणसाला आधी चुकल्यासारखे व्हावे आणि मग हळूहळू त्याचेच मन शांत होत जावे.

पुढे दिवस पालटले. 1952 सालच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात तानसेनासाठी अमीर खाँ यांचा आवाज होता आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुस्करांचा. कथेप्रमाणे जुगलबंदीत तानसेन हरतो. एवढ्या मोठ्या गवयाने हरणाऱ्याचे गाणेही तितक्याच मनापासून गायले. 1955 साली ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत घरोघरी पोचले. मारवा आणि दरबारी या दोन रागांची त्यांची ध्वनिमुद्रिका जाणकार आजही जिवापाड जपतात. 1967 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1971 साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. 13 फेब्रुवारी 1974 रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. दफनही तिथेच झाले.

आता पुन्हा गिटारकडे येऊ. पाश्चात्त्य संगीतातली कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. आपल्याकडे स्वर एकामागून एक येतात. हा फरक मोठा आहे. तरी नवशिक्याची अडचण सारखीच असते आणि उपायही सारखाच. सी, जी, ए मायनर आणि एफ या चार कॉर्ड्स घ्या. अनेक गाणी यांवरच चालतात. संपूर्ण गाण्याच्या मागे लागण्याआधी त्यांच्या जोड्या पाडा. सी-जी, सी-ए मायनर, सी-एफ, जी-ए मायनर, जी-एफ, ए मायनर-एफ, अशा सहाच जोड्या होतात. रोज एकेक जोडी अगदी सावकाश, ठेका न सोडता घोटा. नीट पाहिलेत तर सीवरून ए मायनरवर जाताना पहिली दोन बोटे जागची हलवावीच लागत नाहीत, फक्त तिसरे बोट उचलून दुसरीकडे ठेवायचे असते. अशा खुणा सावकाश वाजवतानाच सापडतात. जोड्या बसल्या की चारही कॉर्ड्सचे क्रम बदलून पाहा. ते चोवीस होतात, हे आता तुम्हाला सांगायला नकोच.

पालकांना आमची विनंती एवढीच, की घरात तेच ते वाजते म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. सारंगीवादकाच्या त्या घरातही वर्षानुवर्षे तेच ते सूर ऐकू येत असतील. स्नेहसंमेलनात मूल चुकले, कोणी हसले, तर त्या रात्री त्याला मिर्झापूरची गोष्ट सांगा. विश्वस्त मंडळींनाही सुचवावेसे वाटते, की शाळा सुटल्यावर एखादी खोली तासभर मुलांच्या सरावासाठी उघडी ठेवता आली तर पाहावे. आज फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कित्येक मुलांना मोकळेपणी वाजवायला जागाच नाही.

आणि मुलांनो, एखाद्या रविवारी घरच्यांबरोबर अमीर खाँ यांचा मारवा जरूर ऐका. पहिली दहा मिनिटे कंटाळा येईल, कदाचित. तरी उठू नका.