अनेक मुकुटांचा धनी : सम्राट पाचवा चार्ल्स

आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव डच खलाशांनी १५९८ साली मॉरिस राजपुत्रावरून दिले, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण या मॉरिसचे वडील विल्यम ज्या सम्राटाच्या दरबारात वाढले, त्या पाचव्या चार्ल्सची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. म्हणून आज त्याची हकिकत सांगण्याचे आम्ही योजले आहे.

चार्ल्सचा जन्म २४ फेब्रुवारी १५०० रोजी आजच्या बेल्जियममधील गेंट शहरात झाला. सहा वर्षांचा असताना वडील वारले. आत्याने त्याला वाढवले. त्याची बहुतेक राज्ये वारशाने चालत आली. वडिलांकडून नेदरलँड्स, आईकडून कास्टिल व आरागॉन, आणि त्यांच्याबरोबर नेपल्स, सिसिली व अमेरिकेतला मुलूख. १५१९ साली आजोबा मॅक्सिमिलियन वारले तेव्हा ऑस्ट्रियाही आला. सम्राटपद मात्र निवडणुकीचे होते. त्यासाठी सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन खर्ची पडले, आणि त्यातला मोठा भाग याकोब फुगर या सावकाराने पुरवला!

पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सारे मिळून एक देश झाला नव्हता. चुली वेगळ्या आणि कर्ता एक, असा तो संसार होता. प्रत्येक ठिकाणचा कायदा निराळा, सभा निराळी, कर निराळा. कास्टिलमध्ये घेतलेली शपथ आरागॉनला चालेना. तिथे ती पुन्हा घ्यावी लागली, आणि बार्सिलोनात आणखी एकदा. १५१७ साली चार्ल्स स्पेनमध्ये उतरला तेव्हा त्याला तिथली भाषा येत नव्हती, आणि मोठ्या जागा त्याच्याबरोबर आलेल्या परक्यांना मिळत होत्या. परक्यांना जागा देऊ नयेत आणि राजाने आपली भाषा शिकावी, असे वायादोलिदच्या सभेने पुढच्याच वर्षी त्याला सुनावले. आम्हांला हे मागणे रास्तच वाटते.

१५२० साली कास्टिलकडून करांची मंजुरी घेऊन तो जर्मनीकडे निघाला, आणि मागे शहरांनी बंड केले. बंडवाले थेट तोर्देसियासला गेले. तिथे चार्ल्सची आई हुआना कोंडलेली होती. तिला वेड लागले आहे असे सांगून तिच्या वडिलांनी १५०९ साली तिला तिथे ठेवले होते. कायद्याने कास्टिलची राणी तीच. सरकारी कागदांवर तिचे नाव मुलाच्या आधी येई. तिची एक सही मिळती तर बंड हेच राज्य ठरले असते. लोकांनी परोपरीने विनवले, पण तिने सही केली नाही. १५२१ च्या एप्रिलमध्ये वियालारला बंड मोडले. मुलाचा मुकुट वाचला, आई मात्र कोंडलेलीच राहिली. १५५५ च्या एप्रिलमध्ये ती तिथेच वारली. चार्ल्सच्या पराक्रमाची वर्णने वाचताना आम्हांला ही माउली विसरवत नाही.

पुढे त्याने स्पॅनिश आत्मसात केली, पण एका जागी त्याला बसता आले नाही. फ्रान्सशी लढाया, तुर्कांशी लढाया, जर्मनीत लूथरच्या पंथाचा तंटा. एकीकडे आग विझवावी तो दुसरीकडे धूर. त्याच्या जन्मगावाने, गेंटने, युद्धाचा कर नाकारला, तेव्हा १५४० साली त्याने तिथल्या नागरिकांना गळ्यात दोर अडकवून क्षमा मागायला लावली. गेंटकरांना त्या दोरावरून पडलेले टोपणनाव आजही आहे.

२५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रुसेल्सच्या सभेत त्याने नेदरलँड्सचे राज्य सोडले. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता, संधिवाताने जर्जर झाला होता. एका हातात काठी होती आणि दुसरा हात तरुण विल्यमच्या खांद्यावर. आपल्या प्रवासांचा त्याने हिशेब दिला: जर्मनीला नऊ वेळा, स्पेनला सहा, इटलीला सात, नेदरलँड्सला दहा, फ्रान्सला चार, इंग्लंड व आफ्रिकेला दोन-दोन. स्पेन व नेदरलँड्स मुलाला, फिलिपला, मिळाले. सम्राटपद भावाकडे, फर्डिनांडकडे, गेले.

पुढे स्पेनमधल्या युस्ते येथील मठाशेजारी तो राहिला आणि २१ सप्टेंबर १५५८ रोजी वारला. ज्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला होता, तो विल्यम पुढे फिलिपविरुद्धच्या बंडाचा पुढारी झाला. १५८४ साली विल्यमचा खून झाला, आणि ती लढाई त्याच्या मुलाने, मॉरिसने, हाती घेतली.