ढिगाऱ्यातून सुटका झाल्यावर मूत्रपिंड का थांबतं?

तळिये आणि इर्शाळवाडी ही नावं पेणपासून निडी-रोह्यापर्यंत आता कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. महाडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा दुसऱ्या दिवशी एक लहान मुलगा जिवंत सापडला आणि जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. अशा वेळी माणूस बाहेर आला की जीव वाचला असं आपण धरून चालतो. पण हातपाय दबून काही तास अडकलेल्या माणसाचा एक मोठा धोका सुटकेनंतरच सुरू होतो. हे जगाच्या नीट लक्षात आणून दिलं ते इंग्लंडच्या डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी.

बायवॉटर्स यांचा जन्म १९१० चा. खरं तर ते संधिवाताचे अभ्यासक. त्यासाठी अमेरिकेत बोस्टनला गेले होते. महायुद्ध पेटल्यावर परतले आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करू लागले. १९४० मध्ये लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते. पडलेल्या घरांखालून काढलेली माणसं रुग्णालयात येत. त्यांतल्या काहींची गोष्ट विचित्र होती. आल्यावर प्रकृती बरी वाटायची. मग दबलेला पाय टम्म सुजायचा, रक्तदाब घसरायचा, लघवी तपकिरी होऊन कमी कमी होत जायची आणि आठवड्याभरात रुग्ण दगावायचा. जखम पायाला, मृत्यू मात्र मूत्रपिंडाने! मार्च १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि त्यांचे सहकारी डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. असे रुग्ण जर्मनीत आधीही नोंदले गेले होते, पण ते विस्मरणात गेले होते.

कारण कळायला थोडा वेळ लागला. वजनाखाली स्नायूंना रक्त मिळत नाही, ते मरू लागतात. वजन उचललं की रक्त पुन्हा धावतं, आणि घात इथेच होतो. रक्तातलं पाणी सुजणाऱ्या पायात झिरपतं, शरीरातलं रक्ताचं प्रमाण घटतं. मेंदू आणि हृदय जपण्यासाठी शरीर मूत्रपिंडाकडचा पुरवठा आखडतं. त्याच वेळी मेलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचं लाल रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकून बसतं. लघवी तपकिरी दिसते ती त्यामुळे. लघवी आम्लधर्मी असेल तर हे द्रव्य जास्त इजा करतं, हे बायवॉटर्स यांनी सशांवरच्या प्रयोगांत दाखवलं.

त्यातून उपाय निघाला, तोही साधा. शरीरात भरपूर द्रव जाऊ द्यायचा, लघवी वाहती ठेवायची आणि तिची आम्लता कमी करायची. मूत्रपिंड बंद पडल्यावर मात्र हातात फारसं काही उरत नसे. हॉलंडच्या विलेम कोल्फ यांनी जर्मन अंमलाखाली कृत्रिम मूत्रपिंड बनवलं होतं. युद्धानंतर त्यांनी एक यंत्र हॅमरस्मिथला भेट दिलं आणि बायवॉटर्स यांनी ते वापरूनही पाहिलं. म्हणजे डायलिसिसच्या सुरुवातीच्या पानांवरही त्यांचं नाव आहे.

पुढे मात्र ते आपल्या मूळ विषयाकडे वळले. टॅप्लो इथल्या रुग्णालयात संधिवाताने आजारी मुलांसाठी त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि १९५८ मध्ये ते हॅमरस्मिथला प्राध्यापक झाले. ढिगाऱ्यांचं काम त्यांच्या आयुष्यात जेमतेम काही वर्षांचं, पण जगभरच्या डॉक्टरांना ते ठाऊक आहेत ते मुख्यतः त्यासाठीच.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या टायर शहरात लागली. कोसळलेल्या इमारतीतून काढलेल्या सात जणांना सुटकेच्या जागीच शिरेतून सलाईन सुरू केलं गेलं. एकाचंही मूत्रपिंड निकामी झालं नाही. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात प्रौढ माणसाला वजन उचलण्याआधीपासूनच साधं सलाईन, तासाला साधारण एक लिटर, सुरू करायला सांगतात. पोटॅशियम असलेलं द्रावण टाळतात, कारण चिरडलेल्या स्नायूंतून तेच रक्तात उतरत असतं आणि जास्त झालं तर हृदय बंद पाडतं. सुई टोचण्यापुरता एक हात मोकळा झाला तरी ही सुरुवात करता येते.

बायवॉटर्स २००३ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी वारले.