डॉ. पंचानन माहेश्वरी : फुलात दाणा कसा तयार होतो, याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ

पीक फुलोऱ्यात असताना पाण्याचा ताण पडू देऊ नका, हा सल्ला तुम्ही दर हंगामात ऐकता. त्या दिवसांत फुलाच्या आत काय घडते, हे कळले की सल्ल्यामागचे कारणही कळते. याच अभ्यासाला डॉ. पंचानन माहेश्वरी यांनी आयुष्य वाहिले.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १९०४ मध्ये जयपूरला झाला. उच्च शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले. तेथे डॉ. डजन या अमेरिकन शिक्षकांमुळे त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. विद्यार्थी आपल्यापुढे गेला तर समाधान वाटेल, अशी या गुरूंची भावना होती. माहेश्वरींनी ती खरी करून दाखवली. आग्रा आणि ढाका येथे शिकवल्यानंतर १९४९ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले आणि तेथील वनस्पतिशास्त्र विभाग त्यांनी जगभर नावारूपाला आणला. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता भ्रूणकोष. फुलाच्या अंडाशयात बीजांड असते आणि बीजांडात डोळ्यांना न दिसणारा भ्रूणकोष. बहुतेक वनस्पतींत त्यात ७ पेशी आणि ८ केंद्रके असतात :

- अंडपेशी (१) : हिच्यापासून भ्रूण, म्हणजे पुढचे रोप तयार होते.
- सहाय्यक पेशी (२) : अंडपेशीच्या शेजारी असतात आणि परागनलिकेला वाट दाखवतात.
- मध्यवर्ती पेशी (१) : सर्वांत मोठी, हिच्यात २ केंद्रके असतात.
- विरुद्ध टोकाच्या पेशी (३) : अंडपेशीच्या समोरच्या टोकाला असतात.

परागनलिका दोन नरपेशी घेऊन येते. एक अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण तयार होतो. दुसरी मध्यवर्ती पेशीशी मिळते आणि भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचे अन्न तयार होते. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले होते. गहू, ज्वारी, मका यांचे पीठ मुख्यतः या भ्रूणपोषाचेच असते. तूर-हरभऱ्यात मात्र भ्रूणपोष वाढीतच वापरला जातो आणि अन्न डाळिंबीच्या दोन दलांत साठते.

सगळ्या वनस्पतींचा भ्रूणकोष मात्र सारखा नसतो. पेशींची संख्या आणि मांडणी बदलते. माहेश्वरींनी जगभरातील नोंदी तपासून या प्रकारांची नीट वर्गवारी केली. वनस्पतींचे नाते ठरवताना ही माहिती वापरावी, याचा त्यांनी आग्रह धरला.

पुढचा टप्पा होता प्रयोगशाळेतील फलनाचा. काही संकरांत कुक्षीवर पडलेले पराग रुजत नाहीत किंवा परागनलिका बीजांडापर्यंत पोहोचत नाही. हा अडथळा टाळण्यासाठी माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खसखशीच्या झाडाची बीजांडे काढून पोषक माध्यमावर ठेवली, त्यांवर पराग टाकले आणि परीक्षानळीतच बी तयार करून दाखवले. हे काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. अपक्व भ्रूण बाहेर काढून वाढवण्याच्या कामावरही त्यांचा भर होता. दूरच्या जातींच्या संकरात भ्रूणपोष नीट वाढत नाही आणि भ्रूण उपाशी मरतो. असा भ्रूण वाचवण्यासाठी पैदासकार आज हेच तंत्र वापरतात.

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. मे १९६६ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले.

तुमच्या शेतासाठी : प्रत्येक दाण्यामागे एक स्वतंत्र फलन असते. मक्याला स्त्रीकेसर येताना पाण्याचा ताण पडला, तर फलन चुकते आणि कणसात दाणे कमी भरतात. भात फुलताना कडक ऊन झाले, तर पळिंज वाढते. एकदा चुकलेले फलन नंतर खत देऊन भरून निघत नाही. म्हणून संरक्षित पाण्याची एकच पाळी हाताशी असेल, तर ती फुलोऱ्यासाठी राखून ठेवा आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्या फुलांवर असताना कीटकनाशकाची फवारणी टाळा.