वालचंद हिराचंद यांना गाडी नुसती जोडायची नव्हती, गिअरबॉक्ससकट इथंच बनवायची होती

मलकापूरवरून नागपूरकडे जाणाऱ्या हायवेला आता ५३ नंबर मिळालाय, पण जुने ड्रायव्हर अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. या रस्त्याच्या कडेला एखाद्या गॅरेजवर गाडी उभी आहे आणि शेजारी गोणपाटावर गिअरबॉक्स उघडा पडलाय असं दिसलं, तर समजायचं की मालकाचा दिवस खराब आहे. गिअरबॉक्स खाली उतरवणं म्हणजे मोठं काम. पण मालकाला एक आधार असतो. घासलेला गिअर, आवाज करणारं बेअरिंग, जळालेली क्लचप्लेट हे सगळं पार्टच्या दुकानात मिळतं. फार तर एखादा दिवस थांबावं लागतं.

१९३०च्या दशकात भारतात असं नव्हतं. मोटारी रस्त्यावर होत्या, पण मोटारीचा गिअरबॉक्स बनवणारा कारखाना देशात नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता, मागोमाग फोर्डही आली. पण तिथे काम चालायचं ते जोडणीचं. सुटे भाग पेट्यांमधून बोटीने यायचे, इथे नटबोल्ट आवळले की गाडी तयार.

हे सोलापूरच्या एका माणसाला खटकत होतं. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर मूळचं गुजराती जैन, धंदा सावकारी आणि कापसाचा. वालचंद यांचं मन काही त्यात रमलं नाही. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांना सोबत घेऊन त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं आणि तिथून गाडी सुटली ती सुटलीच. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, पुढे बांधकामाची कंपनी, मग रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने. तुम्ही लहानपणी खाल्लेली रावळगावची गोळी, ती याच रावळगावची.

मोटारीच्या कारखान्याची योजना तयार करण्यात सर एम. विश्वेश्वरय्या पुढे होते. कारखाना हवा तर परदेशी कंपनीचं तंत्रज्ञान हवं. म्हणून फोर्डशी बोलणं झालं, पण फोर्डचा भारतातला धंदा कॅनडातल्या फोर्डच्या हातात होता आणि करार झाला नाही. जनरल मोटर्सशीही जमलं नाही. शेवटी १९४० मध्ये क्रायस्लर तयार झाली. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि ब्रिटिश सरकारने या कारखान्याला युद्धाच्या कामात धरायला नकार दिला. मधल्या काळात वालचंद गप्प बसले नाहीत. बंगळुरूला विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणी, दोन्ही त्यांनी याच दोन वर्षांत उभं केलं. आज ती हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून ओळखली जातात.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना कुर्ल्याला, आणि १९४७ मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी वालचंद यांच्या कौतुकाच्या लेखांत सहसा नसते. ही गाडीसुद्धा सुरुवातीला परदेशी भाग जोडूनच बनत होती. म्हणजे ज्यावर आक्षेप होता, तिथूनच सुरुवात. फरक होता पुढच्या बेतात. रेडिएटर, सायलेन्सर, स्प्रिंगा असे तुलनेने सोपे भाग आधी देशात बनवायचे, मग इंजिन, मग गिअर आणि ॲक्सल.

गिअर इतक्या उशिरा का? कारण गिअरबॉक्स म्हणजे गाडीतला सगळ्यात चिकट हिशोब. इंजिन ठरावीक वेगात फिरलं तरच जोर देतं. चढावर जोर लागतो, सपाट रस्त्यावर वेग लागतो, आणि ही अदलाबदल लहानमोठ्या दातेरी चाकांमधून होते. ते दाते केसभर जरी चुकले तरी गाडी ओरडते. शिवाय दात्याचं पोलाद वरून कडक हवं, नाहीतर झिजेल. आतून चिवट हवं, नाहीतर झटक्याने तुटेल. त्यासाठी खास पोलाद, भट्टी, दाते कापायची यंत्रं आणि ती चालवणारे हात लागतात. जोडणीला पाना पुरतो, इथे अख्खा कारखाना लागतो.

वालचंद यांना हे बघायला मिळालं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि कामातून बाजूला व्हावं लागलं. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. नेमक्या त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना भाग इथे बनवायचे नाहीत त्यांनी जोडणीचा धंदा बंद करावा. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. कुर्ल्यात दशकाच्या मध्यावर इंजिन बनू लागलं, पुढच्या काही वर्षांत गिअरबॉक्सही.

याची किंमत गिऱ्हाईकानेही मोजली, हेही खरं. बाहेरच्या स्पर्धेला दार बंद, त्यामुळे गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा आणि मिळेल ती घ्यायची. पण त्याच गाडीने, म्हणजे फियाट ११०० आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनीने, गावोगावचे मेकॅनिक तयार केले. टॅक्सीवाले तर अर्धे मेकॅनिकच झाले.

या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे जोडलेले. सांध्यातले बुश झिजले की गिअर अडकायचा, आणि नवखा मालक गिअरबॉक्सच गेला म्हणून घाबरायचा. चांगला मेकॅनिक आधी बुश बघायचा, मग क्लचचा प्ले, मग गिअर ऑइलची पातळी. ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा चमकला तरच बॉक्स उतरवायचा. हाताने गिअर टाकायच्या कुठल्याही गाडीला हा क्रम आजही थोड्याफार फरकाने लागू पडतो. क्लचवर कायम पाय ठेवून गाडी चालवलीत तर प्लेट लवकर जळणार, हेही तेव्हासारखंच.

जुन्या फियाटला पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. सिंक्रो म्हणजे दाते एकमेकांत बसण्याआधी दोघांचा वेग सारखा करणारी रिंग. ती नसल्याने चालत्या गाडीत पहिला टाकला की कर्रकन आवाज. म्हणूनच फियाट चालवलेले काका-आजोबा आजही नव्याकोऱ्या गाडीतसुद्धा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नाहीत.