सेवाव्रती डॉक्टर : मदर अ‍ॅना डेंगेल

इस्पितळातील परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. हा शब्द युरोपातील धर्मसंस्थांमधून आला. तेथे कित्येक शतके रुग्णांची शुश्रूषा जोगिणी, म्हणजे नन्स, करीत आल्या, आणि त्यांना सारे सिस्टर म्हणत. पण ह्याच सिस्टरांना डॉक्टर होण्याची मात्र मनाई होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती मनाई दूर व्हावी म्हणून जिने आयुष्य वेचले, त्या अ‍ॅना डेंगेल ह्या ऑस्ट्रियन स्त्रीच्या कार्याचा प्रारंभ आपल्याच अखंड हिंदुस्थानात झाला.

अ‍ॅनाचा जन्म १६ मार्च १८९२ रोजी टायरॉल प्रांतातील श्टेग ह्या डोंगराळ खेड्यात झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपले. शिक्षण संपवून तिने फ्रान्समधील लिआँ शहरी जर्मन भाषा शिकविली. आयुष्य काहीतरी मोठ्या कामी लावावे ही ओढ मनात होती, पण वाट सापडत नव्हती.

ती वाट दाखविली एका वृद्ध स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी. डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन ह्यांनी १८७८ साली फ्रान्समधील माँपेल्ये येथे वैद्यकीची पदवी मिळविली होती आणि साठी उलटल्यावर कॅथलिक पंथ स्वीकारला होता. त्यांच्या कानावर पंजाबातील स्त्रियांची दैना आली. पडद्यातील स्त्री परपुरुषाला नाडीही दाखवीत नसे. बाळंतीण अडली तर सुईण करील तेवढेच. पुढे दैवावर हवाला. ही कथा केवळ पंजाबाची नव्हे. आपल्या कोकणातही पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की अडलेल्या बाळंतिणीला मुंबई परदेशाइतकीच दूर होती. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, ह्याच तळमळीने आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली सातासमुद्रापलीकडे फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या आणि ते स्वप्न अर्ध्यावर राहिले.

मॅक्लारेनबाईंच्या प्रयत्नाने रावळपिंडीस सेंट कॅथरिन्स हे स्त्रियांचे व मुलांचे रुग्णालय निघाले. तेथे जोगिणी शुश्रूषेला होत्या, पण उपचार करावयास डॉक्टर टिकेना. जोगिणींनीच डॉक्टर व्हावे म्हटले, तर रोमचा दंडक आड येई. धर्मव्रत घेतलेल्यांनी वैद्यकी करू नये हा निर्बंध मध्ययुगापासून चालत आलेला. त्यातही बाळंतपणाचे काम व्रतस्थ स्त्रीला शोभत नाही, अशी समजूत. मॅक्लारेनबाईंनी रोमला पुनःपुन्हा विनंत्या केल्या. उपयोग झाला नाही.

त्यांच्या कार्याची माहिती वाचून तरुण अ‍ॅनाने त्यांना पत्र लिहिले. ब्रिटिश हिंदुस्थानात काम करावयाचे तर ब्रिटिश पदवी हवी, हा व्यवहारी सल्ला बाईंनी दिला. दोघींची भेट कधीच झाली नाही. १७ एप्रिल १९१३ रोजी बाई वारल्या. पण अ‍ॅनाने सल्ला मानला. परक्या भाषेत, परक्या देशात, आयर्लंडमधील कॉर्क येथे तिने वैद्यकीचा अभ्यास केला. त्याच काळात पहिले महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रिया हे ब्रिटनचे शत्रुराष्ट्र ठरले. तरीही तिने १९१९ साली पदवी मिळविली. हिंदुस्थानात येण्याच्या परवान्यासाठी थांबावे लागले, आणि अखेर १९२० साली डॉ. डेंगेल रावळपिंडीस दाखल झाल्या.

तेथे एका डॉक्टरने अहोरात्र राबूनही गरज भागण्यासारखी नव्हती. वेळेवर उपचार मिळता तर वाचल्या असत्या अशा कित्येक स्त्रिया डोळ्यांदेखत मरत. त्यांच्या ध्यानात आले की प्रश्न एका व्यक्तीच्या त्यागाने सुटणारा नाही. त्यासाठी शिकलेल्या स्त्रियांची, आयुष्यभर हेच काम करणारी संस्था हवी. नियमाविरुद्ध बंड करून त्या बाहेर पडल्या नाहीत, आणि नियम आहे म्हणून स्वस्थही बसल्या नाहीत. ३० सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे त्यांनी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ची स्थापना केली. सभासद अवघ्या चार, दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका. त्या राहत जोगिणींसारख्या, पण कायद्याने जोगिणी नव्हत्या! ह्या युक्तीने दंडक मोडला नाही आणि कामही अडले नाही. १९२७ साली संस्थेने रावळपिंडीस होली फॅमिली हॉस्पिटल सुरू केले.

अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने जोगिणींना वैद्यक व प्रसूतिशास्त्र शिकून ते काम करण्याची मोकळीक दिली. मॅक्लारेनबाईंच्या मृत्यूला तेवीस वर्षे झाली होती. १९४१ साली संस्थेतील भगिनींनी रीतसर जाहीर व्रते घेतली. १९३९ पासून संस्थेचे मुख्य ठाणे फिलाडेल्फियास होते. आनंदीबाई ज्या शहरी शिकल्या, तेथूनच हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी डॉक्टर व परिचारिका येऊ लागल्या!

पुढे पाटणा व दिल्ली येथेही होली फॅमिली रुग्णालये उभी राहिली. १९४८ साली मदर तेरेसा आपला जुना मठ सोडून गोरगरिबांत काम करावयास निघाल्या, तेव्हा त्या प्रथम पाटण्याच्या ह्याच भगिनींकडे शुश्रूषा शिकावयास गेल्या. आपण नुसत्या मीठभातावर राहावे असा त्यांचा विचार होता. उपाशी देहाने रुग्णसेवा होत नाही, हे त्यांना येथेच पटले.

मदर डेंगेल १९६७ पर्यंत संस्थेच्या प्रमुख होत्या. १७ एप्रिल १९८० रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी रोम येथे त्यांचे निधन झाले. मॅक्लारेनबाईही १७ एप्रिललाच गेल्या होत्या, हा एक विलक्षण योगायोग.

देशविभागणीनंतर रावळपिंडी परक्या देशात गेली. १९७७ साली तेथील रुग्णालय सरकारजमा झाले. इमारत संस्थेच्या हातून गेली, तरी रुग्णांची रांग आणि उपचार चालूच राहिले.

सेवा म्हटली की आपल्यापुढे कळवळा उभा राहतो. रावळपिंडीत कळवळ्याची वाण कधीच नव्हती. जोगिणी होत्या, प्रार्थना होती, मायेचा हात होता. वाण होती ती ज्ञानाची. अडलेली बाळंतीण मायेने सुटत नाही, तिला शिकलेला हात लागतो. अ‍ॅना डेंगेल ह्यांनी उमेदीची वर्षे परक्या मुलखात परीक्षा देण्यात घालविली. पण ती सेवेपूर्वीची वर्षे नव्हती, सेवेचाच तो प्रारंभ होता. आपण विद्यार्थी जेव्हा अभ्यास वेगळा आणि समाजकार्य वेगळे मानतो, तेव्हा हे चरित्र अवश्य आठवावे.