वाढत्या धंद्यास भ्यालेला दुकानदार

जॉन वुलमन यांचें चरित्र

धंदा बुडाला म्हणून दुकान बंद करणारे पुष्कळ आढळतात; परंतु धंदा भरभराटीस आला म्हणून त्यास भ्यालेला मनुष्य विरळाच. असा एक दुकानदार अठराव्या शतकांत अमेरिकेंत होऊन गेला.

जॉन वुलमन यांचा जन्म १७२० सालीं न्यू जर्सी प्रांतांत झाला. तो प्रांत तेव्हां इंग्रजांची वसाहत होता. घराणें शेतकऱ्याचें व क्वेकर पंथाचें होतें. साधा पोषाख व साधी राहणी ही त्या पंथाची जुनी रीत. पण तोंपर्यंत त्यांतील पुष्कळ कुटुंबें व्यापारानें श्रीमंत झालीं होतीं, आणि कित्येकांच्या घरीं गुलामही राबत होते.

वयाच्या एकविसाव्या वर्षीं वुलमन माउंट हॉली या गांवीं एका दुकानदाराकडे माल विकण्यास व हिशेब लिहिण्यास राहिले. धन्यानें एकदां आपली एक कृष्णवर्णी दासी विकली व विक्रीखत लिहिण्यास त्यांस सांगितलें. गिऱ्हाईक समोर तिष्ठत होतें. वुलमन यांनीं खत लिहून दिलें. मात्र गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे, असें दोघांच्याही तोंडावर सांगितलें. तरी टोचणी राहिलीच. पुढें असा कागद लिहिण्याचें त्यांनीं साफ नाकारलें.

नंतर ते शिवणकाम शिकले व स्वतःचें दुकान चालवूं लागले. प्रथम कपड्यांस लावावयाच्या फिती वगैरे, मग कापड, असा माल वाढत गेला. १७४९ सालीं त्यांचा विवाह झाला. पुढें एक कन्या झाली. मिळकत चढती, गिऱ्हाईक बांधलेलें. अशा वेळीं सुज्ञ मनुष्य दुसरें दुकान काढतो. वुलमन यांचा जीव मात्र घाबरा झाला. व्यापाराची आवड आपल्या स्वभावांतच आहे हें ते जाणून होते. आणि संपत्ति वाढली कीं तिची हांवही तितकीच वाढते, हें त्यांनीं भोंवतालीं पाहिलें होतें.

गिऱ्हाइकांचीही त्यांस काळजी वाटे. हौसेचा माल विकला कीं लोक खूष होतात, परंतु विकणाऱ्याच्या मनास समाधान राहत नाहीं, असा त्यांस अनुभव आला. गरीब माणसें ऐपतीबाहेरचें कापड उधारीनें नेत, मुदत भरली कीं पैसा नसे, आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाई. म्हणून कमी किंमतीची व उपयोगाची वस्तु घ्यावी, असा सल्ला ते स्वतःच अशा गिऱ्हाइकांस देऊं लागले. शेवटीं १७५६ सालीं त्यांनीं धंदा आवरता घेतला. लोकांस दुसरें दुकान पाहतां यावें म्हणून त्यांस आधीं कळविलेंही. पोटापुरतें शिवणकाम ठेवलें, तेंही हाताखालीं उमेदवार न घेतां. शिवाय सफरचंदांच्या रोपांची एक बाग केली. खुरपणी, छाटणी व कलमें बांधणें यांत त्यांचा वेळ जाई. मिळकत घटली, पण मन मोकळें झालें.

एवढेंच असतें तर ते एक काटकसरी गृहस्थ ठरले असते. त्यांची दृष्टि याहून दूर गेली. गरिबांची बाजू मांडणारा एक निबंध त्यांनीं लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७९३ सालीं छापला गेला. एकाच्या घरांतील निरर्थक थाटासाठीं दुसऱ्यास, आणि मुक्या बैल-घोड्यांसही, शक्तीबाहेर राबावें लागतें, असें त्यांचें म्हणणें होतें. वेस्ट इंडीज बेटांतील साखर, काकवी व रम हा गुलामांच्या घामाचा माल पूर्वीं आपणही विकला, याची त्यांस फार खंत वाटे. गुलाम बाळगणाऱ्या यजमानाकडे उतरावें लागलें तर त्या गुलामांस सेवेबद्दल ते आपल्या पदरचे पैसे देत. त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीनें १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनीं सभासदांस गुलाम बाळगण्याची बंदी केली.

रंग दिल्यानें कापड कमजोर होतें व मळ झांकला जातो, म्हणून त्यांनीं बिनरंगी कपडे वापरण्याचें ठरविलें. १७६२ च्या सुमारास त्यांनीं फिकी, बिनरंगी टोपी घातली. पण त्याच वेळीं पांढऱ्या टोप्यांची नवी चाल निघाली होती! त्यामुळें हा विरक्त मनुष्य छानछोकी झाला, अशी कित्येकांस शंका आली. त्यांचे कांहीं नेम अतिरेकाचे वाटतील, आम्हांसही वाटतात. परंतु त्यांचा भार त्यांनीं दुसऱ्यावर टाकला नाहीं.

१७७२ च्या मे महिन्यांत ते इंग्लंडास निघाले. जहाजाच्या उंची खोलीबाहेर निरर्थक नक्षीकाम होतें व तिच्या भाड्यांत त्याचाही खर्च येतो, म्हणून ते पांच आठवड्यांवर खलाशांच्या कोंदट जागेंत राहिले. तेथें भिजलेल्या खलाशी-पोरांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. इंग्लंडांत टपालगाड्या धांवविण्यासाठीं घोडे मरत व गाडीवरील पोरें थंडीनें गारठत, हें कळल्यावर त्यांनीं त्या गाडींत पाऊल ठेवलें नाहीं. लंडनहून उत्तरेकडे ते पायीं चालत गेले.

यॉर्क शहरीं त्यांस देवी आल्या. ७ ऑक्टोबर १७७२ रोजीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. अंत्यविधीची व्यवस्था त्यांनीं आधींच सांगून ठेवली होती: पेटी साधी असावी, तिला सजावट नसावी, खर्च आपल्या अंगावरच्या कपड्यांच्या किंमतींतून भागवावा, आणि जोडे थडगें खणणाऱ्यास द्यावे.