डॉ. बाबासाहेब आंबेडकर : कागदावरचा हक्क आणि तळ्यातलं पाणी



महाडच्या चवदार तळ्याचा पाठ शिकवताना मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव आधीच झाला होता, तर मग सत्याग्रह कशाला करावा लागला? प्रश्न साधा वाटतो, पण बाबासाहेबांचं अर्धं आयुष्य याचं उत्तर शोधण्यात गेलं. म्हणून आज त्यांचं चरित्र आपण याच प्रश्नाला धरून बघू या.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं. शिपाई नसला, की त्या दिवशी पाणी नाही. लक्षात घ्या, शाळेत नाव घातलेलं होतं. हजेरीपटावर हक्क होता, पाण्याच्या भांड्यापाशी नव्हता.

पुढे मुंबई, कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन इथे शिक्षण झालं. ते बॅरिस्टर झाले. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. आपल्या सोलापूरकरांसाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे या सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. राहणं, जेवण, कपडे, वह्या, सगळं सभेकडून. शाळेचं दार उघडं असून भागत नाही, आत टिकून राहायला आधार लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता महाडकडे वळू. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदे कौन्सिलात ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर पाऊल ठेवायची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. तळं खासगी आहे, वहिवाट जुनी आहे, असा दावा त्यांनी केला आणि तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, तोही त्यांच्या बाजूने. पण १९२३ ते १९३७ मोजा बरं. चौदा वर्षं! पहिलीत घातलेलं मूल तेवढ्या वेळात महाविद्यालयात पोहोचतं.

अडचण फक्त कोर्टाची नव्हती. गावात अल्पसंख्य असलेल्या माणसाने हक्क मागितला, की दुकानदार माल देत नसे, शेतावर काम मिळत नसे, आणि दाद मागायची तर पाटीलही बहुसंख्यांतलाच. मारहाणीची निदान फिर्याद देता येते. कोणी बोलत नाही, विकत नाही, याची फिर्याद कुठे द्यायची? म्हणूनच गोलमेज परिषदेत अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा अमलात यायला २०१७ साल उजाडलं.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून काम करताना हा सगळा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. कलम १५ काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द त्यात दिसतील. महाडची आठवण होतेच ना? भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांना कलम ३० ने स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क दिला. आपल्या सोलापुरात मराठीच्या बरोबरीने कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं शिकतात, त्यांच्यासाठी हे कलम जवळचं आहे. आणि हक्क नाकारला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट कलम ३२ मध्ये आहे. हे कलम बाबासाहेबांना सर्वांत महत्त्वाचं वाटत होतं, कारण दाद मागता येत नसेल तर हक्क नुसता शोभेचा.

तरीही कायद्यावर त्यांची भिस्त आंधळी नव्हती. १९४३ मध्ये पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं, की समाजाच्या सदसद्विवेकाला मान्य नसलेले हक्क कोणताही कायदा टिकवू शकत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ते काम मात्र आपल्या वर्गात येऊन थांबलं आहे.

वर्गात हे करून बघा. मुलांना तीन प्रश्न द्या. आपल्या शाळेतला कोणता नियम भिंतीवर आहे, पण पाळला जात नाही? तो पाळला जात नसेल तर सांगायचं कोणाला? आणि जो सांगतो, त्याच्याशी बाकीचे कसे वागतात?

तिसऱ्या प्रश्नाला वर्ग थोडा शांत होईल. घाई करू नका. ठराव असूनही सत्याग्रह का करावा लागला, याचं उत्तर मुलांना तिथेच सापडेल.